बोलण्याची पट्टी

आमच्या वन्सं माणसं नावानं नाही, पट्टीनं ओळखायच्या. दारातून कोणी हाक मारली की आतूनच म्हणायच्या, "वहिनी, काळी चार आली बघा." पेटीच्या ज्या स्वरावर आवाज बसतो ती त्या माणसाची पट्टी, हे गाणाऱ्यांना ठाऊक असतं. वन्संचं म्हणणं, बोलण्यालाही पट्टी असते. मला ते थोतांड वाटायचं. मला सूर आणि गिरणीचा भोंगा यांतला फरक कळत नाही. "तुमची काळी एक," त्या मला चिडवायच्या, "बाप्यांची पट्टी." आणि तोंडाला पदर लावून हसत बसायच्या.

त्या माझ्या यजमानांच्या पाठच्या बहीण. सासर काही टिकलं नाही. परतल्या त्या एक ट्रंक आणि पेटी घेऊन. मग डी.एड. केलं आणि पालमकडच्या शाळांत जन्मभर एसटीचे धक्के खाल्ले. पाढे चालीवर शिकवायच्या. त्यांच्या हाताखालची पोरं आता बापये झाली, तरी पाढा म्हणताना मान डोलावतात. निवृत्त झाल्यावर पिंगळीला आमच्याकडे राहायला आल्या. पारावर बायकांचं भजन असो की विहारात भीमगीतं, दोन्हीकडे पेटी तीच आणि पेटीवर वन्संच. उरलेल्या वेळात कुणाला परभणीच्या दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पोरीची शाळा बंद केली तर तिच्या बापासमोर जाऊन ठाण मांडायचं. यजमान गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि घरात आम्ही दोघी उरलो.

माझ्या वाट्याला चहा होता. "वहिनी, चहा टाका," म्हणाल्या की त्याचा अर्थ, या बाईला उठू द्यायचं नाही. मी कुरकुरायचे. दिवसातून कितीदा टाकायचा माणसानं चहा? पण टाकायचे.

एकदा शेजारची सून वाटी घेऊन आली. "काकू, उलसं इरजण द्या."

"बरी हाईस का गं?" वन्संनी विचारलं.

"बरी हाय की. मला काय झालंय?"

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी विरजण आणायला वळले, तर मागून आवाज आला, "वहिनी, चहा टाका." मला रागच आला. भांडी घासायची होती, आणि ही पोर तर रोजचीच. चहा घेऊन आले तेव्हा ती वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. छातीत गाठ होती. कित्येक महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वन्सं तिला परभणीला घेऊन गेल्या. पुढचं सगळं त्यांनीच निभावलं. बरी झाल्यावर तिला पेटीही शिकवली.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं होतं.

"पट्टी उतरली होती," एवढंच म्हणाल्या.

वन्संना जाऊन आता वर्ष होत आलं. दिवसकार्याला अंगण भरलं होतं. मग ज्याची त्याची कामं सुरू झाली, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याकडे येणारी माणसं त्यांच्याकडे येत होती, माझ्याकडे नव्हे. मी चहावाली. आता एका माणसाचा चहा करायचा तर दूध उतू जातं नाहीतर नासतं. स्टेशनात गाडी येते, जाते, तेवढीच काय ती घराला जाग. मुलाचा फोन येतो. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "बरं, ठेवतो." तो तरी काय करणार, विचारायचं ते त्यानं विचारलं. पण बरी आहे म्हटल्यावर ते खरं की खोटं हे ऐकणारे कान आता या घरात नाहीत. मला एकटं वाटतं. फार वाटतं.

पेटी मात्र मी कुणाला देत नव्हते. भजनातल्या बायकांनी दोनतीनदा निरोप धाडला, मी टोलवला. वाजवता येत नाही, तरी रोज पुसायचे. पण पावसाळ्यात वरचा एक सूर आपोआप रडायला लागला, आणि पेटी पडून राहिली की मरते, असं वन्संच म्हणायच्या. परवा मीच शेजारच्या सुनेला बोलावलं.

ती आली. खोळ काढली, भाता सोडला, हलक्या हातानं सूर तपासू लागली. वर्षभरानं घरात तो आवाज झाला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"काकू, नेऊ ना खरंच?"

"ने बाई. मला काय करायची आहे?"

"आन् तुमी? बऱ्या हाव ना?"

"बरी आहे की. मला काय झालंय?"

पेटी थांबली. मी वळून पाहिलं तर तिनं भाता लावला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

"बसा काकू," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

"अगं, बरी आहे मी."

तिनं ऐकलंच नाही असं केलं आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. मी पेटीशेजारी बसले आणि रडायला लागले.