सासऱ्यांच्या बांधावर डायोडची झुंज

मी तिसरीत शाळा सोडली, पण रेडिओत माझ्याइतका हात सापगावात कुणाचा चालायचा नाय. मुरबाडचा माझा मेव्हणाही रेडिओ दुरुस्त करायचा, तो हे कबूल करायचा नाय. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. सासऱ्यांचा जुना लाकडी रेडिओ मुका झालेला, पण ते कुणाला हात लावू देईनात. शेवटी म्हणाले, "ज्याचा डायोड सरस, तोच उघडंल."

डायोड म्हणजे लाटेतून आवाज वेगळा काढणारी काचेची बारकी कांडी. चांगली असली तर मोठा आवाज मोठा राहतो न् बारीक आवाजही शाबूत राहतो. वाईट कांडी बारीक आवाज गिळते. आमी एकसारखे दोन रेडिओ घेऊन आपापला डायोड बसवला. जोरदार स्टेशनवर दोघांचा आवाज सारखा केला, मग घाटापलीकडचं मंद स्टेशन लावलं. भात कापून शेत मोकळं झालेलं. सासरे बांध ओलांडत लांब जाणार, शब्द कळेनासे झाले की थांबणार.

मेव्हण्याच्या रेडिओला ते आंब्यापाशी थांबले. माझ्या वेळेला मी सोबत गेलो, लबाडी नको म्हणून. आंबा गेला, ओढा आला.

"ऐकू येतंय, जावईबापू! झकास!"

मलाही येत होतं. शपथ!

तिकडे रेडिओजवळ मेव्हणा पोट धरून लोळत होता. "दाजी, तुमचा सेल निखळलाय! रेडिओ कवाचा बंद हाय!"

बायको बांधावर बसूनच हसली. "अवो, आमच्यात जावयाला नाय म्हणत नायत!"

असलं जिंकणं मला नको होतं. मी सेल घट्ट बसवला, दोन्ही रेडिओंवर पावसात डोक्यावर घ्यायची पानांची इरली पालथी घालायला लावली. कुठल्या इरल्याखाली कुणाचा, ते फक्त बायकोला ठाऊक. मी न् मेव्हणा विहिरीपाशी. सासरे फिरून आले न् ज्या इरल्यावर हात ठेवला, त्याखाली मेव्हण्याचा रेडिओ निघाला.

"परत," मी म्हणालो.

परत तेच.

"परत!"

"जावईबापू, पाय माझे हायत!"

मग मेव्हण्याने ऐटीत लाकडी रेडिओला पेचकस लावला. गंजलेला स्क्रू हलेना. तो लाल झाला, सासरे "हळू, हळू" म्हणत राहिले.

"दाजी, बघता काय? धरा की!"

मी पेटी पोटाशी धरली, त्याने जोर लावला, झाकण निघालं न् आमी दोघे उताणे. आतून उंदीर निघाला, सासऱ्यांच्या धोतरावरून पळाला.

"दोघांनी मिळून उघडलाय," मी पडल्यापडल्याच सांगून टाकलं.