चाखून पाय, मंग बोल

कोणतीही गोष्ट समोर आली की मावशी आधी तिच्यात बोट बुडवायची, ते जिभेला लावायची आणि डोळे मिटायची. दूध असो, खताचं पाणी असो, नाहीतर वावरातली माती. डोळे उघडले की निकाल. कुणी वाद घातला तर एकच वाक्य : "चाखून पाय, मंग बोल."

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर ती वांगी-मिरच्या घेऊन बसायची. तुमच्याही कोपऱ्यावर अशी एखादी असेल. तिला विचारल्याशिवाय तुम्ही टरबूज घेत नसाल. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि बुद्धीला जरा जास्तच धार आली होती. बाकीच्या पोरांनी सरांनी दिलेले प्रकल्प मुकाट्याने घेतले. मी उभा राहून म्हणालो, "सर, मी स्वतंत्र संशोधन करणार. जमिनीत वीज सोडून खालचं पाणी शोधणार."

सरांनी कपाटातून जुनं यंत्र काढलं. "शोध. हे मोडू नको म्हणजे झालं."

यंत्र मिळालं, पण जमीन मिळेना. वावरात सळया ठोकणारा पोरगा दिसला की लोकांना मोजणीवालाच आठवतो. दोन ठिकाणांहून मला हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी मी मावशीजवळ रडगाणं गायलं.

"माह्या वावरात ठोक," ती म्हणाली. "पन इहीर कुठं खनाची थे सांगजो."

तिचं वावर वलगावच्या पुढे, खारपाणपट्टा सुरू होतो तिथे. त्या पट्ट्यात जमिनीखाली पाणी भरपूर, पण खारट; पिकाला दिलं तर पीकच जळतं. म्हणून मावशीची भाजी पावसाच्या ओलीवर थंडीपर्यंत टिकायची आणि उन्हाळ्यात ती दुसऱ्यांची वांगी विकायची. तेच तिचं दुःख. "लोकाईच्या वांग्याची तारीफ करा लागते मले," ती म्हणायची. विहीर एकदाच खणता येणार होती. चुकली तर संपलं.

पहिल्या दिवशी मी एका रांगेत चार सळया ठोकल्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि ती किती सहज जाते ते आतल्या दोन्हींवर मोजायचं, असा बेत. पण काळी माती वाळून भेगाळलेली, यंत्राचा काटा ढिम्म. पुस्तकात लिहिलं होतं, सळईभोवती मिठाचं पाणी ओता. मी ऐटीत विचारलं, "मावशी, मीठ आहे का?"

ती इतकी हसली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकलीच. "या वावरात मीठ मांगते! अन् म्हने शास्त्रज्ञ!"

तरी तिने भाकरीच्या फडक्यातलं मीठ दिलं. पाणी ओतताच काटा टणकन सरकला. मावशीने वाकून आधी काटा पाहिला, मग सळईभोवतीची ओली माती.

आठवडाभर मी सळया ठोकल्या, हातोडी दोनदा अंगठ्यावरही ठोकली, आणि नकाशा रंगवला. पश्चिमेचा कोपरा गडद निळा : तिथून मीठ न ओतताही वीज सर्वांत सहज जात होती. पूर्वेच्या पट्ट्यात ती अडत होती. तिथे मी तांबड्या शाईने 'निरुपयोगी' लिहिलं.

"निळ्यात खणा. शंभर टक्के पाणी," मी म्हणालो.

मावशी उठली, निळ्या कोपऱ्याच्या धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची विहीर होती तिथून तांब्याभर पाणी घेऊन आली. "चाखून पाय."

आत्मविश्वास दाखवायला मी मोठा घोट घेतला. पुढचं न लिहिलेलंच बरं. ठसक्यासरशी तांब्या हिंदकळला आणि माझ्या नकाशाच्या निळ्या कोपऱ्यावर पाणी सांडलं.

"राहू दे," मावशी म्हणाली. "तुह्या नकाशात मीठच कमी होतं." मग हळूच विचारलं, "पयल्या दिशी मीठ टाकलं तवा काटा सरकला ना बाबू? मंग इथं न टाकताच काहून सरकला?"

तीन वर्षं मी भूशास्त्र शिकत होतो. तिने ते एका आठवड्यात धुऱ्यावर बसून शिकून घेतलं होतं.

मी नकाशा उलटा धरावा तसा पुन्हा वाचला : निळं म्हणजे खारं. तांबड्या पट्ट्यात पूर्वी एखादा नाला वाहत असावा, म्हणून खाली वाळू. "मावशी, तिथे पाणी असेल तर गोड असेल. पण तो पट्टा नुसता कोरडाही असू शकतो. मला खात्रीनं सांगता येत नाही."

"आता खरा बोलला. खनू तिथंच."

खणणं सुरू झालं आणि माझी झोप उडाली. चौथ्या दिवशी ओली वाळू लागली, पाचव्या दिवशी पाणी. मावशीने बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मी मनातल्या मनात शिक्षण सोडून दिलं.

"फिक्कं नाई, खारं नाई," ती म्हणाली. मग एकदम डोळे उघडून : "गोड हाय रे पोट्ट्या!"

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशावरच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

"मीठ, सर. पुरावा आहे."

त्यांनी चाखून पाहिलं नाही, पण गुण बरे दिले. पुढच्या उन्हाळ्यात मावशी कोपऱ्यावर बसून स्वतःच्या वांग्यांची तारीफ करत होती, आणि ती तारीफ आम्हाला ऐकवत नव्हती.

आता तो कोपरा रिकामा आहे. गुडघे गेले म्हणून लेकीने तिला अकोल्याला नेलं. तिथलं मशीनचं पाणी तिला मेलेलं लागतं. त्यामुळे दर आठवड्याला तिचा मुलगा विहिरीच्या पाण्याची कॅन अकोल्याच्या एसटीत चढवतो.

मागच्या महिन्यात तो मला अमरावतीच्या स्टँडवर भेटला, हातात निळी कॅन. "आई म्हनते चाखूनच पाठवजो. मले काई समजत नाई भाऊ, तुमीच पाहा."

मी झाकण काढलं. घोट घेतला नाही. तेवढी अक्कल आली आहे. बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"आटपा ना भाऊ," कंडक्टर ओरडला, "पानीच हाय ना थे?"

मी मावशीला लागायचा तेवढाच वेळ लावला.

"गोड आहे," म्हणालो. "जाऊ द्या."