भेटायला येणारे मासे

चिंधा मसाटच्या कारखान्यात धाग्याचे खोके उचलतो. आमलीला भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहायचा आणि रोज संध्याकाळी गावाकडे बायकोला फोन लावायचा. ये म्हणायचा. सरुबाई तापीकाठी वाढलेली, अंधाऱ्या खोलीत राहायला ती कशाला येतेय! "दारशे पानी व्हई तवय येसु," म्हणायची. बायकोवाचून चिंधाला अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी त्यानं खडोलीला भावेशभाईंच्या शेताखालचं तळं आणि काठावरचं झोपडं मिळवलं. बदल्यात सुट्टीच्या दिवशी त्यांच्या भातात राबायचं. तळ्यात त्यानं रोहू माशाची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली आणि वरच्या भाताला मन लावून युरिया टाकला. हात सढळ. मूठभर लागेल तिथं दोन मुठी. भात असा तरारला की भावेशभाई खूश होऊन म्हणाले, "चिंधा, तारो हाथ बहु सारो छे!"

पावसानं ते खत धुऊन तळ्यात आणलं. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरली. कोरडवाहू गावचा माणूस तो, हिरवं दिसलं की हरखायचा. त्यात पहाटे काठावर गेलं की मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. चिंधानं लगेच फोन लावला. "मी गऊ का वर येतस. माले वळखतस!" आणि खुशीत त्यांना ओंजळी भरभरून कोंडा टाकू लागला.

भोळा तो भोळाच. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात हवा सोडतं; रात्री ऊन नसतं, तेव्हा तेच ती ओढून घेतं. मेलेलं शेवाळ आणि न खाल्लेला कोंडा तळाशी कुजतो, तो उरलीसुरली हवाही संपवतो. पहाटेपर्यंत माशांना श्वासापुरतंही काही उरत नाही.

सरुबाई आली. पिशवी झोपड्यात टाकून रात्रभर नवऱ्याशी बोलत बसली. उजाडताना त्यानं तिला कौतुकानं काठावर नेलं. आभाळ भरलेलं होतं. तिनं एकदाच पाण्याकडे पाहिलं.

"आवो, ह्या भेटाले नही उन्यात. त्यास्ना जीव गुदमरी ऱ्हायना."

चिंधा धावला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून बादलीनं तळ्याचं पाणी उंचावरून ओतत राहिला. दोन दिवस आभाळ उघडलं नाही. तिसऱ्या सकाळी तळं पांढऱ्या पोटांनी भरलं होतं.

दोघांनी मिळून मासे पाटीत भरले. वास सहन होत नव्हता. सरुबाई रागावली नाही, तेच चिंधाला जास्त लागलं.

"तुमले वळखनारं कोनी पाह्यजे व्हतं," ती हळूच म्हणाली, "मंग घर का बरं नही उनात?"

चिंधाला तिला राहा म्हणायचं होतं. जीव तुटत होता म्हणायचं होतं. तो म्हणाला, "सकाय पह्यली पाळी शे."

दुसऱ्या दिवशी तो पाळीला वेळेवर गेला. सरुबाई नंदुरबारच्या गाडीत बसली.