धुतलेली लुगडी

मी जे शेण खाल्लं ते जावेनं रंगवून सांगायच्या आधी मीच सांगते. चहा निवायच्या आत होईल.

माझ्या थोरल्या लेकीला बघायला उंब्रजचे पाहुणे येणार होते आणि आधी रान बघणार होते. रानात भुईमूग काढायला आलेला. डोंगरकडेच्या भुईमुगाला दोन वैरी, मोर आणि रानडुक्कर. आमचे मालक एकाहत्तरची लढाई करून पेन्शनवर आलेले. मोरासाठी त्यांनी बुजगावण्याला आपला मिलिट्रीतला सदरा चढवला. आणि डुकरासाठी? बांधाभोवती माझी जुनी लुगडी टांगली. घामेजलेली, न धुता, तशीच.

"पाव्हणं काय म्हणतील? घरची घाण बांधावर टांगलीया."

"अगं, मोर डोळ्यानं भितो, डुक्कर नाकानं. माणसाचा वास आला की ते फिरकत न्हाई. हात लावू नगंस."

"पाखरू काय आन् डुक्कर काय, फडफडणाऱ्या कापडाला दोगंबी भित्यात. तुमी पलटणीत डुकरं राखत हुता व्हय?"

मालक टोपी चढवून चावडीकडं निघाले. म्हणजे मी जिंकले.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सगळी लुगडी सोड्यात उकळली, ओढ्यावर बडवली आणि परत बांधावर टांगली. अशी झळकत होती की जत्रेतल्या पताका लाजाव्यात.

सकाळी पोरीला आणि पाहुण्यांना घेऊन रानात गेलो. मोर बाभळीवर बसून सदऱ्याकडं बघत होता, खाली उतरायची छाती नव्हती. आणि खाली? सगळा भुईमूग उलथापालथा. लुगडी जागच्या जागी. डुकरं त्यांच्याच खालून आत शिरलेली.

मुलाची आई म्हणाली, "नांगरट लौकर केलीसा."

"आमी न्हाई केली," मालक म्हणाले. "हिनं आवतान दिलं, त्येंनी केली."

मोडलं लग्न, माझ्या मनात आलं. पोरीकडं बघवेना.

बाईंनी एका लुगड्याचा पदर नाकाला लावला. "धुतलीसा व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाई बांधावर बसून पोट धरून हसल्या. "आमच्याबी रानात डुकरं लय हायती, विहीणबाई. पोरगी पसंत हाय. मानपान काय नगं. फकस्त तुमचं एक नेसतं लुगडं द्या. आन् हात जोडते, धुऊ नगासा."

दिलं. तवापासून विहिणीच्या बांधावर मी फडफडतेय, आणि जावई चारचौघांत सांगतो, सासूबाईंचा वास आला की डुकरं डोंगर उतरत न्हाईत.