कप्तानाची शेळी आणि थॅकवेचे झुडूप

लंडनजवळच्या क्यूच्या राजबागेत रूबेन थॅकवेला काकडीच्या वाफ्यांपलीकडे कुणी ओळखत नसे. पण दक्षिण समुद्राकडे निघालेल्या जहाजावर झाडे गोळा करण्यासाठी त्याची नेमणूक झाली आणि गड्याने लगेच हिरवा कोट शिवून घेतला. कुणी न पाहिलेले एखादे झुडूप जिवंत आणायचे आणि त्याला आपले नाव लागलेले पाहायचे, एवढीच त्याची आस होती.

जहाजावर त्याचे पान सुतार बोडकिनच्या शेजारी मांडले गेले. हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"मी राजाचा माणूस आहे," तो म्हणाला.

"मग राजाकडेच जा जेवायला. तोवर वाटाण्याची वाटी सरकव इकडे."

एका बेटावर त्याला खरोखरच लाल फळांचे नवे झुडूप सापडले. त्याने ते कुंडीत लावले. खाऱ्या तुषारांनी पाने जळतात म्हणून रोज सकाळी तो ती गोड्या पाण्याने पुसायचा. तहानलेले खलाशी बघत उभे राहायचे.

"माळीबुवा, आम्हालाही कुंडीत लावा की! घोटभर पाणी तरी मिळेल."

"तुम्हाला फळं धरणार आहेत का?" थॅकवे तोऱ्यात विचारायचा.

मग एके दिवशी कप्तान ऑर्मरॉडने त्याला जेवायला बोलावले. समुद्र शांत होता आणि झुडूप डेकवर ऊन खात होते. अशा वेळी माळ्याने कुंडीपासून हलायचे नसते. बागेत झाडू मारणारासुद्धा हे सांगेल. थॅकवेने मात्र हिरवा कोट चढवला आणि पावडर म्हणून मुदपाकखान्यातले पीठ केसांच्या टोपावर भुरभुरवले.

"बोडकिन, जरा लक्ष ठेव रे."

"राजाच्या झाडावर? आमची कुठली एवढी लायकी!" म्हणत बोडकिन आपल्या कामाला निघून गेला.

आत थॅकवे आपल्या झुडपाचे गुण गात होता. बाहेर कप्तानाची दुभती शेळी मोकळी हिंडत होती. बिचारीने कित्येक महिने वाळल्या गवताशिवाय काही पाहिले नव्हते, आणि ही पाने तर रोज धुतलेली. तो बाहेर आला तेव्हा कुंडीत फक्त बुडखा उरला होता.

"कापा तिला!" थॅकवे ओरडला.

"गप रे," कप्तान म्हणाला. "तिची ही पृथ्वीभोवतीची दुसरी फेरी आहे. तुझी पहिलीच."

फळांतल्या बिया टणक होत्या, शेळीच्या पोटातही न पचणाऱ्या. म्हणून त्या दिवसापासून राजाचा माणूस डबा घेऊन शेळीच्या मागे मागे फिरू लागला. खलाशी टोप्या काढून वाट देत. "सरका, सरका! स्वारी लेंड्या वेचायला निघाली!" थॅकवेने एकूण एक लेंडी फोडली, निघालेल्या बिया पेरल्या आणि परतीच्या वाटेवर कुंडीपासून हलला नाही. हे शहाणपण त्याला आता सुचले होते.

क्यूला एकच रोप जगले. त्याला फुले आली तेव्हा बागेचे लॉर्डसाहेब पाहायला आले. जहाज ऑर्मरॉडचे, शेळी ऑर्मरॉडची. त्यांनी झुडपाला ऑर्मरॉडचेच नाव देऊन टाकले. थॅकवे पुन्हा काकड्यांत गेला.

संध्याकाळी त्याने ही सगळी हकिगत बायकोला, टॅबिथाला, सांगितली. ती मोजे रफू करत होती.

"कप्तानानं काय केलं त्यात?" ती म्हणाली. "द्यायचंच होतं तर शेळीचं नाव द्यायचं. पोटात तिनं वागवलं."

"आणि माझं?"

"तू जेवायला गेला होतास ना?"