शालूवहिनींचा ठसका

आमच्या गल्लीतल्या बायका पापड लाटायला बसल्या की त्यांच्या गप्पांनी कावळे दुसऱ्या तालुक्यात राहायला जातात. त्या दिवशी मात्र प्रथमोपचार शिकवायला आलेल्या नर्सताई एकट्याच बोलत होत्या, "खोकतोय तोवर माणूस श्वास घेतोय. आवाज बंद झाला की धावा!"

तेवढ्यात शालूवहिनींनी तेलात बुडवलेली लाटी तोंडात टाकली आणि त्यांना ठसका लागला.

"कुणीतरी आठवण काढली गं!"

"सासूच असणार!"

"छे, ती कशाला काढतेय!"

नावं निम्मा जिल्हा फिरून आली, आणि ठसका थांबला. वहिनी गळा धरून मुक्याच.

"अगं, आवाज गेला हिचा!" कुसुममावशी ओरडल्या. पाठीत थापा मारून लाटी हलेना, तेव्हा त्यांनी मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर अशी मूठ दाबली, की लाटी थेट छताला चिकटली. खोटं वाटत असेल तर या बघायला.

"मावशी, बरगड्या काय पापडाच्या वाटल्या?" वहिनी कडाडल्या.

लोक शांततेचे गोडवे गातात. मला मात्र आता शेजारचं भांडण ऐकलं की बरं वाटतं. सगळे श्वास घेतायत!

वहिनी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या, आणि मावशी डोळे पुसत म्हणत होत्या, "बोल गं बाई, आणखी बोल."