भट्टीवर न म्हणायचा शब्द

नगरहून निघताना आमच्या ह्यांनी माझ्या पिशवीत एक लिंबू टाकलं आणि म्हणाले, "नाक जपून ने. कुणाच्या घरात खुपसू नकोस."

आमच्याकडे माझ्या नाकाची अशी चेष्टा नेहमी चालते. शेजारच्या इमारतीत कुणाचं दूध उतू गेलं तर मला आधी कळतं आणि ज्याचं गेलं त्याला नंतर. मला त्याचा थोडा गर्वही आहे. पण प्रवासात हेच नाक वैऱ्यासारखं वागतं. डिझेलचा वास आला की पोटात ढवळून येतं, मग लिंबू नाकाशी धरून बसावं लागतं.

एक मुक्काम संगमनेरला नणंदेकडे केला आणि सकाळच्या एसटीने राजूरची वाट धरली. राजूरच्या वर डोंगरात एक लहानशी वाडी आहे. तिथे हिराबाई नावाच्या बाई लाकडाच्या भट्टीवर खवा करतात आणि कुणी शिकायला आलं तर दिवसभर शेजारी बसवून शिकवतात, असं भाचीकडून कळलं होतं. भाची बरोबर यायची होती, तिला ऐन वेळी ताप आला. मी मात्र थांबले नाही. विकतचा खवा घालून आयुष्यभर बर्फ्या थापल्या, एकदा तरी स्वतः ढवळून बघावा एवढीच हौस होती.

अकोले गावापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. पुढे रस्ता चढू लागला तशी भाताची खाचरं सुरू झाली. भात कापून झाला होता आणि शेताशेतांत उडव्या (रचून ठेवलेल्या पेंढ्यांचे ढीग) उभ्या होत्या. राजूरला जीप बदलली. मागच्या बाकावर पेंडीच्या पोत्यांमध्ये मला बसवलं आणि दुसऱ्याच वळणावर लिंबाने दगा दिला. ड्रायव्हरने आरशात बघून जीप कडेला घेतली.

"ताईंना गाडी लागती वाटतं," तो म्हणाला. पोती सोडून जीपमधले सगळे खाली उतरले आणि मी सावरेपर्यंत शांतपणे डोंगराकडे बघत उभे राहिले. कळसूबाईचा माथा धुक्यात होता. इतक्या सुंदर जागी मी अशी शोभा करून घ्यावी, याची मला लाज वाटली.

वाडीत पोहोचले तेव्हा हिराबाई अंगणाच्या कडेला छपराखालची भट्टी सारवत होत्या. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांची धाकटी जाऊ कमल मात्र भरभर बोलणारी. दोघींची घरं एकाच अंगणात, म्हशी वेगळ्या, भट्टी एक. कमलने कोरा चहा आणला. "दूध घातलं न्हाई, राग मानू नका," ती म्हणाली. "भट्टीच्या दिशी सगळं दूध कढईत."

चहाचा घोट घेता घेता मला वास आला. "आत काहीतरी उतू गेलंय का? कुळथाचं?"

कमल आत धावली. कुळथाचं कढण खरंच चुलीत सांडलं होतं. हिराबाईंनी सारवण थांबवलं आणि माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मीच नजर वळवली.

भट्टी पेटली, मोठी लोखंडी कढई वर चढली, दोन्ही घरांचं दूध तिच्यात ओतलं गेलं. मी पदर खोचून पुढे बसले आणि शिकणाऱ्याने विचारावा तो पहिला प्रश्न विचारला, "खवा व्हायला किती वेळ लागेल?"

कमलचा हात जागच्या जागी थांबला. तिने कोनाड्यातल्या वाटीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि जाळात टाकलं. ते तडतडलं.

"ताई, हितं तसं म्हनायचं न्हाई," ती म्हणाली. "किती येळ जाईल, आसं इचारायचं. भट्टीवर दूध आसताना तो शब्द तोंडातून काढायचा न्हाई. काढला की दूध तळाला तसंच करतं."

मग माझ्या ध्यानात आलं. दूध तळाला धरून करपलं की आपण म्हणतो 'लागलं'. तेवढ्यासाठी त्या घराने भट्टीपाशी तो शब्दच बंद केला होता. ठीक आहे, एक शब्द नाही वापरायचा, त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. पण बोलायला तोंड उघडावं तर तोच शब्द दारात उभा. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, झोप लागते, ऊन लागतं. मराठी माणसाचं अर्धं आयुष्य काही ना काही लागण्यातच जातं. मी निमूट बसले. आमचे हे तिथे असते तर त्यांनी ही भट्टी नगरला नेण्याची चौकशी केली असती.

कमल लाकडं आणायला परसात गेली. ती दिसेनाशी होताच हिराबाई माझ्याजवळ सरकल्या.

"ताई, तुमचं नाक लई तेज हाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माझं गेलंय. त्या करोनात ताप आला हुता. ताप गेला, पर वास काय माघारी आला न्हाई. कमलला ठावं न्हाई. कुनालाच न्हाई."

"मग खवा कसा करता?"

"डोळ्यानं आन् हातानं. पर मागल्या येळचा खवा राजूरच्या पेढेवाल्यानं परत धाडला. वास येतो म्हनला. कसला, त्ये तुमी समजा." त्यांनी परसाकडे बघितलं. "आज बी परत आला तर कमल तिचं दूध डेअरीच्या गाडीला घालनार. बोललीय ती तसं. तिच्या दुधाबिगर कढई भरत न्हाई. मग ही भट्टी मोडायचीच की."

मी आवाज खाली आणला. "मी काय करू?"

"माझ्या शेजारी बसा. वास फिरला की नुसतं 'पानी' म्हना. मी कढई उतरवीन. कमलला वाटंल, पाव्हनीला पानी पायजे."

हौस म्हणून आलेली मी आता पहाऱ्यावर बसले. ज्या नाकाचा एवढा गर्व, त्याच्यावर माझाच भरवसा उरला नाही. धूर माझ्या बाजूला येत होता. त्यात बोटांना सकाळच्या लिंबाचा वास. मी उठून राखेने हात घासले, पुन्हा येऊन बसले, पुन्हा बोटं हुंगली.

दूध उकळलं, फेसाळलं, खाली बसलं. हिराबाईंनी लांब दांड्याचं लोखंडी उलथनं माझ्या हातात दिलं. "कडंनं आत आना. तळ सोडू नका." मी ढवळत राहिले. जरा वेळाने दंड भरून आले, मनगट वळेना. एरवी मी त्या कष्टाची मजा घेतली असती. त्या दिवशी मी श्वास मोजूनमापून घेत होते आणि कमल विचारत होती, "ताई, तुमी एवढ्या गप का?"

दूध आटून रबडीसारखं झालं तेव्हा हिराबाईंनी उलथनं परत घेतलं. आता खरी धोक्याची वेळ. तेवढ्यात कमलला माझी दया आली.

"घसा सुकला आसंल ताईंचा. पानी?"

तो शब्द ऐकताच हिराबाईंनी भट्टीतलं जळतं लाकूड झटक्याने बाहेर ओढलं. ठिणग्या उडाल्या.

"आवो बाई, जाळ का वढला? अजून पातळ हाय की!"

"चुकलं," हिराबाई म्हणाल्या आणि लाकूड पुन्हा आत सारलं. कमल आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या आणून तिने माझ्या पुढ्यात ठेवला. किती प्रेमाने ठेवला! आणि माझा एकुलता एक शब्द फुकट गेला. समोर भरला तांब्या असताना पाणी कुठल्या तोंडाने मागणार?

मी हिराबाईंकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. पण कमल मधे बसलेली, दुसरा शब्द ठरवायचा कसा?

आणि मग तो आला. दुधाच्या गोड वासाच्या खालून, अगदी पुसट, इस्त्री सुती कापडावर जरा जास्त टेकली की येतो तसा. मी मान वळवली, पुन्हा हुंगलं. तोच होता.

"पाणी," मी म्हणाले.

कमल हसली. "म्होरं तर हाय!"

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तांब्याकडे. उलथनं फिरतच होतं.

"पाणी! हिराबाई, पाणी!"

"आवो ताई, तांब्या दिसंना का तुमाला?"

हिराबाईंचे डोळे माझ्यावर आणि त्यांना काही ठरवता येत नव्हतं. मी रडायच्या बेतात होते.

"लागलं!" मी किंचाळले. "हिराबाई, लागलं! उतरवा!"

पुढचं सगळं एका दमात झालं. हिराबाईंनी फडक्याने कढईचा एक कान धरला, मी पदराने दुसरा, आणि आम्ही ती खाली उतरवली. माझी दोन बोटं भाजली. हिराबाई ओरडल्या, "कमल, दुसरं पातेलं! तळ खरडू नको, वरचं वरचं घे!" कमलने पळीने वरचा खवा पातेल्यात काढला. कढईच्या तळाशी पुरीएवढा तपकिरी डाग निघाला.

कमलने मूठभर मीठ उचललं आणि माझ्यावर उसळली. "सांगितलं हुतं ना तुमाला? तरी तोच शब्द काढला! तुमी म्हनलात म्हनून झालं ह्ये!"

"तिला काय बोलू नको," हिराबाई म्हणाल्या. "झालं आधी, म्हनली ती नंतर. मीच बसवलं हुतं तिला. मला वास येत न्हाई, कमल."

मीठ कमलच्या मुठीतच राहिलं. "कवापास्नं?"

"तापापास्नं."

"आन् मला न्हाई सांगितलं? एका अंगनात ऱ्हातो आपुन. सकाळी आलेल्या पाव्हनीला सांगितलं आन् मला न्हाई?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. नाक खुपसू नकोस, असं मला बजावून पाठवलं होतं आणि मी ते पुरतं खुपसलं होतं. कमलने डोळे पुसले, मीठ वाटीत टाकलं, पातेलं मंद जाळावर ठेवलं आणि हिराबाईंना म्हणाली, "हला तिकडं." मग ती त्यांना खेटून, पातेल्याची वाफ येईल अशा बाजूला बसली. उरलेला खवा हिराबाईंनी ढवळला आणि कमलने हुंगला. त्यानंतर दोघी एकमेकींशी अवाक्षरही बोलल्या नाहीत.

नाचणीची भाकरी आणि कुळथाचं कढण पुढ्यात आलं, पण घास घशाखाली उतरेना. खवा तयार झाला. मी हुंगला, कमलने हुंगला. "मला तर न्हाई येत," ती म्हणाली. मला नक्की सांगता येईना. दिवसभर तेच हुंगून नाक बधिर झालं होतं. राजूरला पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण परतीची जीप तिथेच जाणार होती. कमलने पांढऱ्या फडक्यात खवा बांधला. एक छोटा गोळा पळसाच्या पानात गुंडाळून हिराबाईंनी माझ्या हातात ठेवला आणि पेढेवाल्याकडचा निरोप फोनवर सांगा म्हणाल्या.

उतरताना मला वळणं जाणवलीच नाहीत. फडक्याचं गाठोडं मांडीवर घेऊन मी पुतळ्यासारखी बसले होते.

पेढेवाले शेठ गल्ल्याशेजारी उभे होते. त्यांनी गाठोडं सोडलं आणि विचारलं, "हिराबाईंचा ना? मागचा लागला होता त्यांचा."

त्यांनी गोळा मधोमध फोडला, चिमूट घेऊन मनगटावर चोळली, हुंगली. मग पुन्हा हुंगली. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला पेढे बांधून दिले. मी उभीच. परत येऊन त्यांनी तिसऱ्यांदा खवा नाकाशी नेला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळीही पाठवा म्हणावं."

मी बाहेर येऊन फोन केला. बंद. पुन्हा केला, बंदच. डोंगरात रेंज गेली असणार. एसटी सुटायला आली म्हणून मी चढले. आनंदाची बातमी माझ्याकडे आणि तिकडे दोन बायका एका अंगणात अबोला धरून बसलेल्या, या विचाराने मला खिडकीबाहेर बघवेना. आयुष्यभर या नाकाने मी लोकांच्या चुका शोधल्या. शिळी भाजी, कुबट टॉवेल, नणंदेची जळकी फोडणी. चांगला वास आला म्हणून थांबून कुणाला सांगितलं, असं आठवेना. याचं मला फार वाईट वाटलं.

संगमनेर जवळ आलं आणि फोन वाजला. कमल होती.

"घेतला!" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की कंडक्टर वळला. "चांगला आहे म्हणाले. पुढच्या वेळीही पाठवा म्हणाले."

पलीकडे कमलने ते जोरात सांगितलं. मग खुडबुड झाली आणि हिराबाईंचा आवाज आला.

"ताई, तुमच्या गोळ्याला वास कसा येतोय? मला सांगा की."

मी लिंबू बाजूला ठेवलं आणि पान सोडलं. आयुष्यात कुणी मला असं विचारलं नव्हतं.

"आधी पानाचा येतो," मी म्हणाले. "हिरवा, ओलसर. मग दुधाचा. पण ताज्या दुधाचा नाही. बाळाच्या टाळूवर तेल घातल्यावर येतो ना, तसा, उबदार. आणि शेवटी किंचित धूर. तुमच्या भट्टीचा. करपट नाही हो, चांगला धूर."

मग कमलचा आवाज आला.

"थांबू नका ताई, अजून सांगा. बाई हसाया लागली."

'लागली' ऐकताच मी दचकले. "कमल, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कुटं म्हंजी? भट्टीवर. सांजंचं दूध घातलंय."

"अहो, मग मीठ?"

"ऱ्हाऊ द्या वो त्ये मीठ," कमल म्हणाली. "तुमी सांगा."

मी पान पुन्हा नाकाशी नेलं आणि संगमनेरचा स्टँड येईपर्यंत सांगत राहिले.